फिटिंगचा जॉब

कोथरूडला, आईच्या शोकेसमध्ये,
माझ्या डिग्रीच्या फ्रेमशेजारी
लोखंडाचा तळहाताएवढा चौकोन आहे.
दोन तुकडे. एकाला खाच, दुसऱ्याला जीभ.
एकात एक बसवले की
मधून उजेडसुद्धा जात नाही.

"आमच्या शंतनूनं केलंय, फर्स्ट इयरला,"
ती सांगते मावशीला, सोसायटीच्या सेक्रेटरींना,
एकदा तर गॅसवाल्याला.
मी चहात बिस्किट बुडवत राहतो.

माझा वाकडा झाला होता.
गुण्याला लावला तर फटीतून
अख्खं वर्कशॉप दिसायचं.
सबमिशनच्या आदल्या दुपारी
आम्ही बाराजण खाकी कोटात
वाळुंजकर मामांच्या व्हाइसपाशी रांगेत.
जॉबला साठ रुपये.
"ठेव त्या डब्यात," म्हणायचे, बघायचे नाहीत.
शेवटचे हात ते कानानं मारायचे:
कानस बोलायची थांबली की
समजायचं, झालं.

त्यांच्या बिल्ल्यावर होतं: मदतनीस, अकुशल.

मी कुशल. फर्स्ट क्लास.
हिंजवडीत, फेज तीन, सातव्या मजल्यावर
विमा कंपनीच्या फॉर्ममधलं एक बटण
निळ्याचं हिरवं करतो, मग पुन्हा निळं.
लग्नाच्या बायोडेटात एकच शब्द ठळक होता,
मुलीकडच्यांनी पुढचं वाचलंच नाही.

यंदा जुलैत शिवाजीनगरला मामा भेटले,
झेरॉक्सच्या दुकानात, ॲडमिशनच्या गर्दीत.
सोबत मुलगी, कावेरी.
"सर," म्हणाले. मला.
"हिला कॉम्प्युटर मिळेल का? नाहीतर आयटी.
मेकॅनिकल नको म्हणतात सगळे."
कावेरी आमच्याकडे बघतही नव्हती.
दुकानदाराचा अडकलेला स्टेपलर
तिनं काउंटरवर उघडून ठेवलेला,
नखानं वाकडी पिन उपसत होती.
खट्.
दुकानदार थँक्यू न म्हणता पुढचा कागद टाचू लागला.
मी म्हणालो, "मिळेल की. का नाही मिळणार?"
शोकेसचं काही बोललो नाही.

खंडेनवमीला आईनं पाटावर मांडलं:
माझा लॅपटॉप, तो चौकोन,
दोन्हीवर झेंडूची एकेक पाकळी.
ती नैवेद्य आणायला आत गेली
तेव्हा मी जॉब उचलून उलटा केला.
मागच्या कोपऱ्यात पंचनं ठोकलेला रोल नंबर.
तेवढा मी ठोकला होता,
माझ्या हातानं.
सात तिरका पडलाय.