एकतीस ग्रॅम

राजम्मा गड्डम पदक घेऊन आली तेव्हा
सराफ कट्ट्यावर ऊन असं
की समोरच्या शटरला हात लागला तर चटका.
पिशवीत रुमाल, रुमालात प्लास्टिक,
प्लास्टिकात तिच्या वडिलांची पंचवीस वर्षं.

'सोन्याचं आहे, वेदपाठककाका. मालकांनी स्टेजवर दिलेलं.
लाउडस्पीकरवरून नाव घेतलं होतं:
गड्डम मल्लय्या, जॉबर, साचाखातं.'

गिरणीचं नाव मी लिहीत नाही.
चिमणीसुद्धा पाडली आता.

दगडावर रेघ ओढली.
चाळीस वर्षं ओढतोय, बोटाला आधीच कळतं.
तरी तेजाबाचा थेंब सोडला,
गिऱ्हाईक बोटावर विश्वास ठेवत नाही.
रेघ हिरवी फसफसली आणि गेली.

अशा वेळी काय बोलायचं हे सराफाला कोणी शिकवत नाही.
मला बिराजदार सर आठवले.
आमच्या माडीवर राहतात, चीनचा इतिहास वाचतात,
भाडं दोन महिने थकलंय, गप्पा मात्र वेळेवर.
परवा म्हणाले, फार जुन्या चीनमध्ये
राजाने सरदाराला सोनं दिलं
असं भांड्यांवर कोरलेलं सापडतं;
पण तेव्हा त्या अक्षराचा अर्थ नुसता धातू.
बहुतेकदा तांबं.
सरदार ते वितळवी, कथील घाली,
बापाच्या नावानं एक भांडं ओती
आणि त्याच्या पोटात कोरी:
अमक्या दिवशी राजाने मला दिलं,
मुलानातवंडांनी जपून वापरावं.
पुढच्या काळात तर 'शंभर सोनं' हा कधीकधी नुसता आकडा,
हातात पडायची ती तांब्याची नाणी, ओवून.

मी म्हणालो, मग फसवणूकच की.
सर म्हणाले, वेदपाठक, दरबारात मोजत कोण होतं?
सगळे ऐकत होते.

'पितळ आहे,' मी म्हणालो. 'वरचा मुलामाही गेलाय.'

ती ओरडली नाही. पदरानं मान पुसली.
'चिंच,' म्हणाली.
'आई दर दसऱ्याला ह्याला चिंच लावायची.
दार लावून. आम्हाला वाटायचं, पूजा.'

मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.
सोन्याला कोण चिंच लावतं.

मी न विचारता तिनं हिशेब सांगितला:
संपाच्या सात महिन्यांत दुकानदार
ज्वारी देत गेला, तेल देत गेला, वहीत लिहीत गेला,
कारण गड्डमकडे सोनं आहे.
थोरलीच्या सोयरिकीला पाहुण्यांनी पदक उलटंसुलटं केलं,
आणि देण्याघेण्याचं बोलणं
बऱ्यापैकी खाली आलं.
विड्यांचा मुकादम सगळ्यांच्या जुड्या मोडून बघायचा,
आईच्या बघायचा नाही.
आणि आई? गहाण टाकायलासुद्धा कधी निघाली नाही.
म्हणायची, ह्यांच्या मनाला लागेल.

'बाबांना ठाऊक होतं?'
'काय माहीत. मला ते बंगारम् म्हणायचे.'

पूर्व भागातल्या तेलुगूत बंगारम् म्हणजे सोनं.
तिथे मी दगड लावला नाही.

तिनं वजन विचारलं. काटा एकतीसवर थरथरला.
'पावती द्या. पितळच लिहा.
पण नाव पूर्ण घाला. आणि जॉबर.'
लिहिलं. तपासणीचे तीस रुपये.
'सोन्याचे की पितळेचे?'
दगडाला दोन्ही सारखंच, मी म्हणालो.

सुट्टे मोजून दिले तिनं.
पदक प्लास्टिकात, प्लास्टिक रुमालात, रुमाल पिशवीत.
पायरीवर थांबून, उन्हाकडे बघत:
'आज मंगळवार ना? बाजार भरला असेल.
थोडी चिंच घ्यायची होती.'