डाव्या हाताचं

उब्रिके गावात दुपारी दोन ते पाच
कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.
त्या वेळी मी कडा घासते.

एदुविहिस मावशी गेली तेव्हा
भावंडांत चार दिवस कुजबुज चालली:
डोंगराकडची खोली, तांब्याची भांडी, शिलाईचं यंत्र.
मला मिळालं कुणीच न मागितलेलं एक लाकूड,
वीतभर, पिवळट, हाडासारखं जड.
बकरीचा पाय म्हणतात त्याला इथं.
छप्पन्न वर्षं घासून घासून
तिच्या अंगठ्यानं त्यात खळगा पाडलेला.
माझा अंगठा काही केल्या बसेना.
रडले नाही, चिडले.
महिन्यानं ध्यानात आलं:
मावशी डावखुरी होती.

शाळेत जोगिणींनी तिचा डावा हात
बाकाला बांधून ठेवलेला, वर्षभर.
लिहायची उजव्यानं, जेवायची उजव्यानं,
छातीवर क्रूसही उजव्यानंच.
फक्त कारखान्यात, खाली माना घातलेल्या
तीस बायकांच्या रांगेत
कुणी बघत नव्हतं.

तेव्हापासून कापणं, टोचणं, शिवणं उजव्याचं
आणि कड डाव्याची.

कातडं येतं उत्तरेहून, इग्वालादाहून.
ओलेगेर अजून सालीच्या पाण्यात कमावतो,
चाळीस दिवस, खड्ड्यात.
क्रोमवाले दिवसात उरकतात,
पण ती कड घासली तर चकाकत नाही,
नुसती तापते,
बरोबर असूनही हरलेल्या माणसासारखी.
फोनवर तो आधी पाऊस सांगतो,
मग गुडघा,
मग हळूच, फुटामागं किती.
कातडं कमावणारा कातड्यावर काय कमावतो
ते त्याच्या गाडीच्या टायरांवरून कळतं.
मी घासाघीस करत नाही.
खोटं कशाला, करते. थोडी.

मेण ग्रासालेमाच्या वाटेवरच्या पोळेवाल्याचं,
त्यात कधी माशीचा पाय निघतो.
दोरा पोर्तुगालचा.
डिंक कुठला, विचारलं तर दुकानदार खांदे उडवतो:
इराणचा, बहुधा.
एवढे देश लागतात एका पट्ट्याच्या
दोन सुतांच्या जाडीला.

कड आधी कोपऱ्यातून तासायची,
मग कागदानं, खरखरीत, मग मऊ,
मग ओली करायची. किती ओली?
झोपेतून उठलेल्या माणसाच्या ओठांइतकी,
असं मावशी सांगायची.
मग डिंक. मग लाकूड, एकाच दिशेनं,
खालून येणारा आवाज बदलेपर्यंत.
आधी तो किरकिरतो, मग पुटपुटतो,
मग गप्प.
गप्प झाला की मेण.

या वेळी बिल्बाओच्या दुकानाला चाळीस पट्टे हवे होते.
ओलेगेरनं सहा खांदे पाठवले, शेवटचे.
खड्डे बुजवतोय म्हणाला, पावसाच्या आधीच सांगून टाकलं.
एकावर खडूचं वर्तुळ, आत एकच शब्द: तार.
तेवढ्यापुरते पैसे त्यानं आपणहून वजा केलेले.
मी वळसा घालून कापलं, एकोणचाळीस निघाले.
चाळिसाव्याला वण टाळता आला नाही.
बोटाच्या पेराएवढा,
थेट कडेपर्यंत आलेला.

तीनशे वेळा घासलं.
दोन्हीकडं आरसा झाला,
मधला वण तसाच,
मेण पितो आणि पुन्हा कोरडा.
कुठलं तरी वासरू तारेत अडकलं,
सुटलं, आणि नंतरही चरत राहिलं.

मावशीनं काय केलं असतं, मला माहीत आहे:
रंग चढवला असता, पुढचा घेतला असता.
तिला नगामागं पैसे मिळत.
वणाकडं बघत बसायला
तिला कुणी वेळ दिला नव्हता.

रंगाची डबी उघडली.
बंद केली.
उघडली.
काडीवर थेंब घेतला, डाव्याच हातानं,
आणि तो काडीवरच वाळला.

पार्सलात चिठ्ठी टाकली:
चाळिसावा रुंद कमरेच्या माणसाला द्यावा,
वण बकलाखाली जाईल.
नाहीतर परत पाठवावा, मला चालेल.

पाच वाजले. समोरच्या पावानं
शटर वर ढकललं, अर्ध्यात अडकलं,
नेहमीसारखी लाथ घातली.