दुसरी साखर

पहिली साखर तुस्कानोनं घातली,
फेब्रुवारीत, पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरी जारमध्ये.
यीस्टची पुडी इसबगोलाच्या डब्यातून आली होती.
त्या साखरेची दारू झाली.
मग सहा आठवडे, दोन अंशांवर,
भाजीचे कप्पे उपटून काढलेल्या जुन्या फ्रिजमध्ये
बिअर नुसती पडून राहिली,
गढूळपण तळाशी बसेपर्यंत.

तेवढ्यात तुस्कानोचा करार संपला.
तीस वर्षं फहाहीलमध्ये काढून
टॅक्सीत बसताना त्याला आठवला तो फ्रिज.
"दुसरी साखर तू घाल, इनास.
बाटलीला पाऊण चमचा. सपाट.
हात सैल सोडलास तर काचा वेचशील."

दुसऱ्या साखरेची नशा चढत नाही.
तिचा होतो फक्त श्वास,
आणि बूच घट्ट असतं, म्हणून तो
जिथल्या तिथे मुरतो.

द्राक्षरसाच्या बिजागरीवाल्या एकतीस बाटल्या
धुतल्या, उकळल्या, न्हाणीघराच्या टबात उभ्या केल्या.
थंडीनं यीस्ट पेंगुळलेलं, म्हणून चिमूटभर ताजं.
बत्तिसावी बाटली प्लास्टिकची. ती प्यायची नाही,
दाबून बघायची.
मीना अब्दुल्लाची शिफ्ट सुटली की
बूट काढायच्या आधी अंगठा तिच्या पोटावर.
पहिल्या दिवशी अंगठा सरळ आत.
चौथ्या दिवशी, किंचित, नाही म्हणाली.

गासला माझे बाबा केळ्यांची आढी घालायचे
आणि मी रोज पेंढा उचकटायचो.
म्हणायचे, तुझ्या बोटांनीच काळी पडतील ती.
आता बोटं पंचेचाळीस वर्षांची आहेत.
सवय तीच.

नवव्या दिवशी एसी बसला.
बाहेर सत्तेचाळीस. मी टाकीवर,
मीटरचे आकडे वहीत उतरवत होतो,
दाब, तापमान, दाब, तापमान,
आणि घरातला दाब कुणीच बघत नव्हतं.

चार वाजता आलो तर दारात हारिस,
अब्दुल तव्वाब, हातात पोछा,
आणि दाराखालून फेसाची एक जीभ जिन्यापर्यंत.
आत एक बाटली फुटली. मग लगेच दुसरी.
मी म्हणालो, "पेप्सी."
त्यानं मान हलवली, वाकला, बोट बुडवून हुंगलं.
"खमीरा," म्हणाला.

खमीर. आमचा शब्द त्याच्या तोंडात,
की त्याचा आमच्या?
मग मोडक्या हिंदीत: त्याच्या गावी, नाईलच्या वरच्या अंगाला,
आई भाकरीचा गोळा उन्हात फुगायला ठेवते.
ऊन जास्त झालं तर गोळा सांडतो, आई चिडते.
"तुमचं पीठ फारच फुगलं, बाबू."

चादरी भिजवून टबावर टाकल्या त्यानं,
मी बिजागऱ्या दबकत, हळूच उचलून
दोन-दोन बाटल्यांचा कोंडलेला श्वास सोडला.
काचा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळल्या
आणि आमच्या कुंडीत न टाकता
तिसऱ्या गल्लीतल्या हॉटेलमागे नेऊन टाकल्या.
बाटली घेतली नाही. देऊ केली होती.
हात छातीवर ठेवून हसला,
आणि एसीवाल्याला आईवरून शिवी दिली.

रात्री तुस्कानोचा फोन, निर्मळहून.
मागे नातू रडत होता, कुकर वाजत होता.
"किती फुटल्या?"
"सात."
"उरलेल्यांत जीव आहे का?"

मला काय सांगावं कळेना.
प्लास्टिकची बाटली दगडासारखी झालेली.
फोन तिच्या मानेजवळ धरला
आणि झाकण पिळलं.

फिस्स.

बराच वेळ तो बोलला नाही. माझ्या मनगटावरून,
बाहीतून, फोनवरून फेस ओघळत होता.
मग आवाज आला,
"थंड न करता उघडलीस ना, गाढवा."