फौजदारीचा रकाना

खानापूर कोर्टाच्या बाररूममध्ये
अध्यक्षांनी तक्ता माझ्याकडे सरकवला:
"तू धाकटी, अक्षर बरं. फौजदारी चालवणारे किती, तेवढं लिही."

पटावर एकशे सहा नावं.
सोळा जण बारच्या निवडणुकीलाच उगवतात,
दोघांच्या फोटोला हार आहे,
बाकी बहुतेक वाटणी, बांध, वहिवाट.
दिवाणी दावा वकिलाच्या नातवापर्यंत पुरतो;
फौजदारीतला अशील तारखेला उपाशी येतो
आणि फी म्हणून टेबलावर काजूची पिशवी ठेवतो.

उरले नऊ.

भरमू हलशीकर, वय एकाहत्तर.
उलटतपासणीत अजून फौजदाराला घाम फोडतात,
पण ऐकू येतं एकाच कानानं.
तो कान साक्षीदाराकडे,
न्यायाधीश बहिऱ्या बाजूला.
दस्तगीर किल्लेदार: गोव्याच्या बाटल्या, चेकपोस्टवर धरलेल्या सगळ्या.
इनास सोज: जंगलखात्याचे खटले, खैर, घोरपड, बिनपरवाना बंदूक.
महांतेश यरगट्टी कन्नड चार्जशीट
कुणालाही मराठीत वाचून दाखवतो, एका चहावर.
दोघं बेळगावात भाड्याची खोली बघतायत.
एकाला अशील पोलीसच आणून देतात, नाव नको.
सुबराव कोलकार सरकारी वकील व्हायच्या वाटेवर;
त्याला अर्धा धरला.

बाई: एक.
इथं पेन अडलं.
तीन वर्षं झाली, सीनियर जामिनाच्या अर्जापुढं जाऊ देत नाहीत.
व्हरांड्यातली माणसं मलाच विचारतात,
"वकील कुठं गेले, बाई?"

मागच्या तारखेला कणकुंबीचा यल्लू,
विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीतला,
चौदा पानं पुढं करून म्हणाला, "काय लिवलंय ह्यात?"
मी बोट ठेवत गेले.
वकील. आरोपी. साक्षी. जामीन.
दोन्हीकडं तेच शब्द, लिपी तेवढी वाटोळी.
अडकायला भाषांतर लागत नाही.
सुटकेला लागतं,
तिला तिकडं बिडुगडे म्हणतात.
यल्लूनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला,
गरम भाकरी या हातातून त्या हातात घ्यावी तसा.

बेरीज केली: साडेआठ.
अध्यक्ष चष्म्यावरून बघत राहिले.
"अर्धा माणूस कसा पाठवायचा वर? आणि अर्धा कोण?"

तेवढ्यात बाहेर पुकारा झाला,
यल्लूच्या बापाच्या नावासकट, दोनदा.
सीनियर बेळगावात.
तक्ता तसाच उघडा ठेवून
मी खुर्चीवरचा कोट चढवला.