उताराची जमीन

पेटी ठेवली की खाली पाचर लावावी लागते,
नाहीतर पंधरा किलो बेदाणा
आपला आपण निघतो पडद्याच्या दिशेनं.
नवी पोरं विचारतात, गोडाऊनला असला उतार काढलाय कुणी?
हौसामावशी देठ खुडता खुडता म्हणते,
मागच्याला पुढच्याचं डोस्कं आडवं येऊ नये म्हणून.
पोरं एकमेकांकडं बघतात.
ती पुढचं सांगत नाही.

तासगावात तेव्हा दोन टॉकीज.
हे पारिसा चौगुल्यांचं, पक्कं.
दुसरं वेशीबाहेर, पत्र्याचं.
पिक्चर एक, डबे तेच, आणि सायकल एक.
आमच्यात रीळ संपलं की बाळकू ते कॅरियरला आवळून
वेशीकडं सुटायचा.
तिकडचे लोक तोवर दंतमंजन बघत बसायचे.
एका सोमवारी बाजाराची मेंढरं आडवी आली.
तिकडं हिरो गोळी लागून पडला
तो पाऊण तास पडूनच,
आणि अख्खं टॉकीज अंधारात
सुतकात बसल्यासारखं, बिडीसुद्धा न पेटवता.

दारावर माझे अब्बा.
तीन सेलची बॅटरी, बोटांच्या मधून उजेड गाळून
माणसाच्या नुसत्या पायाला वाट दाखवायचे.
मला आत बसायची परवानगी नव्हती,
ओळखीच्यानं फुकट बसू नये, असं त्यांचं एक होतं.
मी पडद्यामागं उभी.
कुणी उशिरा आलं तर तेवढीच फट.
आणि शेवटाला मात्र, गर्दी लोटू नये म्हणून,
दोन मिनिटं आधीच दारं सताड.
त्यामुळं मला सगळ्या पिक्चरचे शेवट पाठ आहेत.
सुरुवात एकाचीही नाही.

बायका डाव्या हाताला. मध्ये कमरेएवढी भिंत.
शिट्ट्या, चिल्लर, फेटे, सगळं उजवीकडं उडायचं.
डावीकडं नुसती बांगडी वाजायची, तीही चुकून.
एकदा दस्तगीर मुलाण्यानं रीळ उलटं चढवलं.
हिरॉईन डोक्यावर चालत विहिरीकडं निघाली
आणि उजवी बाजू खुर्च्या बडवायला लागली.
हौसामावशी तेव्हा नवी नवरी, चौथ्या रांगेत.
सांगते, हसू असं दाबलं की
दोन दिवस बरगड्या दुखल्या.

बंद झालं त्या दिवशी काहीच झालं नाही.
सहाच्या खेळाला सातजण.
सगळं मोकळं असताना अब्बांनी
सातांनाही बॅटरी दाखवून आपापल्या नंबरावर बसवलं.
घरी येऊन सेल काढून ठेवले.
गळतात म्हणाले, ठेवलं तर.

आता इथं गंधकाचा वास.
डोळे चुरचुरतात, ते त्यानंच.
मी बसते तिथं पूर्वी अडीच रुपयांचं तिकीट होतं.
किलोवर हिशेब, हिरवा वेगळा, काळा वेगळा,
डागी त्याहून वेगळा.

पण फेब्रुवारीत, साडेचारच्या सुमाराला,
केबिनचं मागचं दार कुणी उघडं टाकलं असेल
आणि इकडचं शटर खाली असेल, तर
मशीनच्या भोकावर ठोकलेल्या पत्र्यातून,
एक खिळा निघालाय तिथून,
उजेड आत येतो.
समोरच्या चुन्याच्या भिंतीवर
बाहेरचा रस्ता लागतो. उलटा.
टेम्पो चाकं वर करून जातो.
उसाच्या रसाचा गाडा आभाळाला लटकलेला.
शाळेतून सुटलेली पोरगी दप्तर घेऊन
डोक्यावर चालत येते,
थांबते, चप्पल नीट करते,
तिला ठाऊकच नाही.

काल तसंच लागलं.
चाळीस बायकांचे हात देठावर थांबले.
कुणी बोललं नाही. पंखा तेवढा.
मी सवयीनं दाराकडं सरकले,
मग आठवलं, आपण आतच आहोत.

आणि हौसामावशीनं, वय सत्तरच्या पुढं,
बेदाण्यानं चिकट झालेली दोन बोटं
तोंडात घातली
आणि अशी शिट्टी मारली
की पेट्यांवर बसलेली चिमणी उडून
टेम्पोतून आरपार गेली.

मुकादम ओरडला, कोण आहे ते?
दस्तगीर, म्हणाली ती, रीळ सरळ कर.