निळवं

अठ्ठाविसाव्या आठवड्यात, ऐरोलीच्या रुग्णालयात,
ग्लुकोजचं पाणी एका दमात प्यायले,
दोन तास बाकावर बसून राहिले मळमळ गिळत,
आणि चिठ्ठीवर जो आकडा आला
त्यानं आमच्या घरातलं भाताचं पातेलं हलवलं.

मुकादम मॅडमनी कागदावर ताट काढलं.
अर्ध्यात भाज्या, पावात डाळ नाहीतर मासळी,
उरलेल्या पावात भात. वाटीभर. शीग न लावता.
आणि भाकरी? मी विचारलं.
भात किंवा भाकरी, त्या म्हणाल्या,
आणि ‘किंवा’खाली दोनदा रेघ ओढली.

मी रबाळ्याच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
‘किंवा’ मला कळतं.
पण घणसोली गावात ते सांगायचं कसं,
जिथं तांदळाची भाकरी
भाताच्या आधी येते, भाताऐवजी नाही?

सासूबाई, चांगुणाबाई, चुलीपाशी नसतात आता,
गॅसपाशी असतात, पण बसल्यासारख्याच उभ्या राहतात.
म्हणाल्या, भात नाय, मंग जेवान कसला?
आणि दुपारभर बोलल्या नाहीत.

फ्रिजच्या मुठीला वही बांधली, सुतळीनं.
नाचणीची एक भाकरी, वालाचं बिरडं, काकडी: एकशे चौदा.
वाटीभर भात, शेवग्याची भाजी, भाजलेला बांगडा: एकशे अठरा.
पुतणीची हळद, मांडवातलं जेवण:
तिथं फक्त तारीख आहे.

डाव्या हाताची तीन बोटं टोचून टोचून
खरखरीत झाली, जवळा निवडल्यासारखी.
तरी पहाटेचा आकडा ऐकेना.
रात्री मी काहीच खात नव्हते,
आणि काही न खाऊन तो वाढत होता.
मॅडम रागावल्या. उपास म्हणजे पथ्य नव्हे.
निजताना अर्धा कप दूध घ्या, मूठभर फुटाणे.
जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला.

चालायला सासूबाई आल्या. न विचारता.
गावदेवीच्या देवळावरून, मोठ्या रस्त्याच्या कडेनं,
त्या नव्या टॉवरपर्यंत, ज्याच्या पार्किंगमध्ये
रात्रभर दिवे जळतात कुणासाठी कोण जाणे.
तिथं त्या थांबल्या, पदरानं मान पुसली.
हितं आपली खाचरां व्हती.
बारा खंडी भात यायचा. बारा.
मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या,
चल, तुजी पंधरा मिंटं नाय झाली अजून.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून भांड्यांचा आवाज.
अधोली, शेर, मापटं, चिपटं,
एकात एक बसलेली, कळकलेली पितळ,
आणि सगळ्यांच्या पोटात, अंगठ्याएवढ्या उंचीचं,
निळवं.
सात बाळंतपणं झालेल्या त्यांच्या सासूनं
ते कधी भरलं नसेल, म्हणाल्या.
कशाला भरील? मुंग्यांना घालायला?

त्यांनी ते चिंचेनं घासलं.
तांदूळ भरला, वरून बोट फिरवून सपाट केला,
शिजवला वेगळ्या डब्यात,
आणि माझ्या वाटीत ओतला.
वाटी भरली. बरोब्बर.
आम्ही दोघी वाटीकडे बघत राहिलो,
ताळेबंद एका फटक्यात जुळला की
ऑफिसात सगळे बघतात तसं.

परवा ओटी भरली माझी.
पेढ्याचं ताट चांगुणाबाईंनी शेजारणीकडे सरकवलं,
माझ्यापुढे पेरूची फोड, मूठभर शेंगदाणे.
मग सूप उचललं.
पाच ओंजळी, एकामागून एक, माझ्या पदरात,
निळवं नाही, माप नाही, शिगेवर शीग,
दाणे मांडीवरून जमिनीवर, जमिनीवरून उंबऱ्यापर्यंत.
घे, म्हणाल्या, ह्यो वहीत लिवायचा नाय.

आज पहाटे सत्त्याण्णव.
दोननं जास्त.
लिहिलं.
पायाला तांदळाचा एक दाणा चिकटला होता,
तो काढून मी निळव्यात टाकला.