सात-डी-चार

तांपेरेत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
आम्हाला त्याचं काही नाही, आमची खोली बारा महिने काळोखी:
दाराला काळं फडकं, मधे सूक्ष्मदर्शक,
आणि मार्युक्काच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास.

प्रतिपिंडाची कुपी ती मुठीत धरून वितळवते.
असं करू नये, हे तिनेच मला शिकवलंय.
कुपीवर तिच्याच अक्षरात, पुसट: सात-डी-चार.
म्हणजे सातवी थाळी, डी ओळ, चौथं घर.
एकेका थाळीत शहाण्णव घरं, आणि थाळ्या अकरा.
एवढ्यांत याच एका घरातून नेमकं उत्तर आलं.

"तो उंदीर आठवतो?"
"उंदरीण," ती म्हणाली. "डाव्या कानाला दोन खाचा.
शनिवारी टोचलं की रविवारभर रुसायची."
मार्युक्का तेव्हा बावीसची. आई सूतगिरणीत.
उंदरिणीच्या प्लीहेतली एक पेशी ओळखायला शिकली होती,
पण आठवड्याभरात मरणार होती.
म्हणून तिची गाठ बांधली कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीशी,
जिला काहीच येत नव्हतं,
अगदी मरतासुद्धा.
त्या दोघींचा संसार अजून चालू आहे,
खालच्या मजल्यावर, द्रव नायट्रोजनच्या टाकीत.

आणि ओळखतं काय हे सात-डी-चार?
मूळपेशीच्या अंगावर साखरेची एक साखळी असते,
ती कुणीच झालेली नसते तोवर.
हृदय नाही, कातडी नाही, डोळ्यामागचा पडदा नाही.
एकदा काही व्हायचं ठरलं की साखळी गळते
आणि सात-डी-चार शेजारून ओळख न देता निघून जातं.

मी तिला सटवाईची गोष्ट सांगितली.
पाचवीच्या रात्री येते, कपाळावर लिहून जाते.
मार्युक्काने विचारलं, "कशाने लिहिते?"
मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कोरा कागद ठेवायचे, आणि बोरू.
"आणि लिहिण्याआधीचं कपाळ?
ते बघायला कुणी येतं का तुमच्यात?"

आजची थाळी डोळ्यासाठीची.
रुग्णाचं नाव आम्हाला कळत नाही.
फक्त: स्त्री, चौऱ्याहत्तर, उजवा डोळा.
समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात,
चेहऱ्याच्या जागी राखेचा गोळा.
तिच्यासाठी वाढवलेल्या तपकिरी पेशी
फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसल्यात,
सगळ्यांनी एकच व्हायचं कबूल केलेलं.
आज आम्हाला काहीही दिसायला नको आहे.
जिथे सात-डी-चार चिकटेल तिथे हिरवं चमकेल,
आणि हिरवं म्हणजे अजून न ठरलेली कुणीतरी.
तिला डोळ्यात सोडता येत नाही.
जिला काहीही होता येतं
ती डोळ्यात दात उगवेल, केस उगवेल.

दोन तास काळोख. चांगला, घट्ट काळोख.
मी मनात त्या बाईला चेहरे दाखवायला लागलो होतो.
मग खालच्या उजव्या कोपऱ्यात
मार्युक्काचा हात चाकावर थांबला.

एकच.
दुधी हिरवी, कडा थोडी तेजस्वी,
कुणाशीही न चिकटलेली.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग खुर्ची सरकवून म्हणाली, "बघून घे."
मी बघितलं.
"सुंदर आहे," ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं: नापास.
तारीख. सही. पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने.

ब्लीच ओतलं, थाळी पिवळट झाली.
मी कुपीही कचऱ्यात टाकायला निघालो, रागारागात,
तर तिने मनगट धरलं.
"ती चार अंशांवर ठेव.
तिने सांगितलं ते खरं होतं ना?"